प्रीॲम्प, कॉम्प्रेसर, इक्वलायझर: एकच पॉवर सप्लाय की प्रत्येकाला वेगळा?

ऑप-ॲम्पवर (सिग्नल वाढवणाऱ्या चिपवर) चालणारे आणि एकाच रॅकमध्ये कायम राहणारे सगळे डबे एका सप्लायवर चालवा. व्हॉल्व्हचं (काचेच्या नळ्यांचं) यंत्र, डिजिटल कन्व्हर्टर आणि बाहेरच्या रेकॉर्डिंगला उचलून न्यावा लागणारा डबा, या तिघांना स्वतःचा सप्लाय द्या. ‘प्रत्येकाला वेगळा ट्रान्सफॉर्मर दिला की हम (विजेची घरघर) जातो’ हा सल्ला मी पंधरा वर्षं ऐकतो आहे आणि तो चुकीचा आहे. वेगळा ट्रान्सफॉर्मर म्हणजे प्रत्येक डब्यात २३० व्होल्ट, प्रत्येक डब्यात अर्थिंगची तार आणि माइकच्या इनपुटपासून वीतभर अंतरावर चुंबकीय क्षेत्र. ५०० सिरीजचे (एकाच मापाच्या छोट्या मॉड्यूलचे) रॅक तर कित्येक वर्षं एकाच सप्लायवर चालत आले आहेत. अधिक-उणे १६ व्होल्ट आणि फँटमचे (माइकला केबलमधूनच मिळणाऱ्या वीजपुरवठ्याचे) ४८ एकाच जागेवरून सगळ्या मॉड्यूलना जातात, आणि जगभरचे स्टुडिओ त्यावर काम करतात.

आधी प्रत्येक डबा बेंच सप्लायवर लावून किती करंट ओढतो ते मोजा. डेटाशीटमधल्या आकड्यांची बेरीज करू नका. एका एनई५५३२ ऑप-ॲम्पचा स्वतःचा खप साधारण ८ मिलिॲम्पिअर असतो, पण रिले आणि एलईडी मिळून खरा आकडा कुठल्या कुठे जातो. एकूण बेरजेची दीडपट धरा. फँटमसाठी प्रत्येक माइकला १० मिलिॲम्पिअर धरा आणि त्याचं वाइंडिंग वेगळं घ्या.

ट्रान्सफॉर्मर १८-०-१८ चा (मधल्या टॅपच्या दोन्ही बाजूंना १८ व्होल्टचा) घ्या, १५-०-१५ चा नको. उन्हाळ्यात संध्याकाळी घरात २०० व्होल्ट येतात तेव्हा १५ चं वाइंडिंग १३ वर उतरतं. कपॅसिटरवर जेमतेम साडेसतरा उरतात, त्यातून रिपल (डीसीवर उरलेली लहर) वजा केला की ७८१५ चा, म्हणजे १५ व्होल्टच्या रेग्युलेटरचा, श्वास कोंडतो आणि आउटपुटवर १०० हर्ट्झ सरळ बाहेर येतो. उलट रात्री २५० व्होल्ट आले आणि लोड कमी असला, तर १८ चं वाइंडिंग कपॅसिटरवर ३० च्या आसपास चढवतं. म्हणून कपॅसिटर ५० व्होल्टचेच लावा. लागणाऱ्या डीसी करंटच्या जवळजवळ दुप्पट रेटिंगचं वाइंडिंग सांगा, कारण ब्रिजमागचा (एसीचं डीसी करणाऱ्या डायोडांमागचा) कपॅसिटर करंट झटक्याझटक्यानं ओढतो. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशी केली तर मागणीप्रमाणे वाइंडिंग करून देणारे भेटतात.

सप्लायच्या डब्यात ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, दोन्ही बाजूंना ४७०० मायक्रोफॅरड आणि फ्यूज, एवढंच ठेवा. रेग्युलेटर तिथे नकोत. ते प्रत्येक डब्यात, बोर्डाला लागून बसवा. मग केबलमध्ये पडणारा व्होल्टेज रेग्युलेटरच्या आधी पडतो आणि एका डब्याची खेच दुसऱ्याला सहसा जाणवत नाही. उणे बाजूच्या ७९१५ रेग्युलेटरच्या पिना ७८१५ सारख्या नसतात, आणि त्याचा धातूचा पत्रा इनपुटला जोडलेला असतो. खाली अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लॅस्टिकची बुशिंग घातल्याशिवाय तो चेसिसवर कसू नका.

आता शून्याची तार, म्हणजे ग्राउंड, जिच्यातून करंट सप्लायकडे परत जातो. सगळा खेळ इथे आहे आणि मी यात तीन आठवडे घालवले.

माझा पहिला एकत्र सप्लाय असा होता: सप्लायपासून प्रीॲम्प, तिथून पुढे तीच शून्याची तार कॉम्प्रेसरला. एका गायिकेचं रेकॉर्डिंग सुरू होतं. आलाप संथ होता आणि मीटर खालीवर होई तशी हेडफोनमध्ये बारीक टकटक येत होती. मी रेग्युलेटर बदलले, कपॅसिटर बदलले, ट्रान्सफॉर्मर टेबलाखाली नेला. टकटक तशीच. मग हिशेब मांडला. ०.५ चौरस मिलिमीटरच्या अर्धा मीटर तांब्याच्या तारेचा रोध साधारण १७ मिलिओहम असतो. कॉम्प्रेसरच्या मीटरवर दहा एलईडी, प्रत्येकी १० मिलिॲम्पिअर. सगळे पेटले की १०० मिलिॲम्पिअर त्याच तारेतून परत येतो आणि कॉम्प्रेसरचं शून्य प्रीॲम्पच्या शून्यापासून १.७ मिलिव्होल्ट सरकतं. मधली ऑडिओ जोडणी अनबॅलन्स्ड होती (सिग्नलची एकच तार, परतीला शून्य), त्यामुळे तेवढा फरक आवाजात जसाच्या तसा मिसळत होता. स्टुडिओची नेहमीची पातळी +४ डीबीयू म्हणजे १.२३ व्होल्ट. त्याच्या ५७ डीबी खाली ही टकटक. ढोल-ताशाच्या रेकॉर्डिंगमध्ये ती कोणाला ऐकू आली नसती, आलापात लगेच आली.

मला लगेच सल्ला मिळाला, ‘स्टार कर.’ म्हणजे सगळ्या शून्याच्या तारा एकाच बिंदूवर आण. मी प्रत्येक डब्याला सप्लायपासून स्वतंत्र केबल दिली. टकटक कमी झाली, गेली नाही. कारण सोपं आहे आणि ते कोणी सांगत नाही: स्टार केला तरी कॉम्प्रेसरच्या एलईडीचा करंट कॉम्प्रेसरच्याच शून्याच्या तारेतून जातो, आणि ते शून्य मीटरच्या तालावर हलत राहतं. स्टारमुळे शेजाऱ्याची घाण तुमच्याकडे येत नाही, पण तुमची स्वतःची तशीच राहते.

मी आता प्रत्येक केबलला चार तारा देतो: अधिक, उणे, ऑडिओचं शून्य आणि चौथी फक्त एलईडी व रिलेच्या परतीसाठी. मीटरच्या सर्किटला लहानसा वेगळा रेग्युलेटर, त्याचं ग्राउंड चौथ्या तारेवर. ही तार डब्याच्या आत ऑडिओच्या शून्याला कुठेही शिवत नाही, दोघी थेट सप्लायमधल्या स्टारवर भेटतात. मीटरला दोन मिलिव्होल्टचा फरक चालतो, आवाजाला चालत नाही. चौथी तार घालणं शक्यच नसेल तर मीटरची चिप एलएम३९१५ डॉट मोडमध्ये चालवा. एका वेळी एकच एलईडी पेटतो, त्यामुळे करंटचा चढउतार पुष्कळ कमी होतो.

स्टारची जागाही नेमकी हवी. ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप आधी दोन कपॅसिटरच्या सांध्यावर आणा, जाड आणि आखूड तारेनं. स्टार त्या सांध्यावर करू नका. तिथून एकच तार काढून दोन-तीन इंचांवर बोल्ट लावा, आणि सगळ्या डब्यांची शून्यं त्या बोल्टवर. कपॅसिटर भरणारे झटके टॅप आणि सांधा यांच्यातच फिरले पाहिजेत. हे दोन-तीन इंच चुकवलेत तर १०० हर्ट्झची घरघर कुठल्याही रेग्युलेटरनं जाणार नाही.

चेसिस आणि शून्य यांची भेट एकदाच, सप्लायच्या डब्यात. बाकी डब्यांत इनपुटजवळ शून्य आणि चेसिस यांच्यामध्ये १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, रेडिओ अडवण्यापुरता. एक्सएलआरची (माइकच्या तीन पिनांच्या कनेक्टरची) पिन १ थेट चेसिसला जोडा, बोर्डाच्या शून्याला कधीच नाही. डब्याडब्यांमधली ऑडिओ जोडणी बॅलन्स्डच (सिग्नलच्या दोन तारांची) करा. एकत्र सप्लायवर अनबॅलन्स्ड जोडणी केलीत की केबलची जाळी ही शून्याची दुसरी वाट होते आणि वरची सगळी मेहनत वाया जाते.

कनेक्टर चार पिनांचे, फिरवून घट्ट बसणारे जीएक्स१६ घ्या. सप्लायच्या बाजूला नेहमी भोकांचा भाग, म्हणजे उघड्या पिनांवर व्होल्टेज राहत नाही. पॉवरसाठी एक्सएलआर वापरू नका. अंधारात कोणीतरी त्यात माइक खुपसतोच.

सप्लायचा डबा लोखंडी. अर्थिंगची तार रंग खरवडून, दातेरी वॉशरसह स्वतंत्र बोल्टवर. फ्यूज फेजमध्ये, स्लो-ब्लो. पहिल्यांदा चालू करताना ६० वॅटचा साधा, तारेचा (एलईडी नव्हे) बल्ब सिरीजमध्ये लावा. क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, झगझगीत पेटत राहिला तर लगेच बंद करा. डबे जोडण्याआधी प्रत्येक पिनवरचा व्होल्टेज मोजा.

शेवटी माइकच्या जागी १५० ओहमचा रेझिस्टर लावा, गेन पूर्ण चढवा, आउटपुट रेकॉर्ड करा आणि स्पेक्ट्रम बघा. १०० हर्ट्झचा सुळका असेल तर स्टारच्या बोल्टकडे परत जा. ५० हर्ट्झचा असेल तर सप्लायचा डबा मीटरभर लांब सरकवून बघा. सुळका कमी झाला तर डबा तिथेच ठेवा. नाही झाला तर ऑडिओच्या केबली एकेक करून काढा. जी काढल्यावर तो खाली येतो, त्या केबलच्या दोन्ही टोकांना पिन १ कुठे जोडली आहे ते उघडून बघा.