गॉडझिला-काँगच्या जुन्या रेडिओ जाहिराती जमवताय? या चुका टाळा

किंग काँग, गॉडझिला, रोडान या महाकाय राक्षसांच्या सिनेमांच्या अमेरिकेतल्या जुन्या रेडिओ जाहिराती तबकड्यांवर नाहीतर टेपच्या स्पूलवर सापडतात. सिनेमाच्या प्रचारासाठी त्या रेडिओ स्टेशनांकडे जायच्या. एकाच तबकडीवर ६०, ३० आणि १० सेकंदांचे तुकडे असायचे. घरी बसून ऐकायला हा माल बनलाच नव्हता आणि बरेचसे घोळ हे न कळल्यामुळेच होतात.

सगळ्यात जास्त गोंधळ वेगाचा. सात इंची तबकडी दिसली की लोक डोळे झाकून मिनिटाला ४५ फेऱ्यांचा वेग लावतात, पण यातल्या काही ३३⅓ फेऱ्यांच्या निघतात. मग निवेदक चिरकतो आणि डरकाळीचं केकाटणं होतं. आधी लेबल वाचा, मग घड्याळ लावा. ६० सेकंदांचा तुकडा ४४-४५ सेकंदांत उरकला तर बहुधा वेग चुकलाय. टेपचं उलटं: सेकंदाला साडेसात इंचांची टेप पावणेचारवर लावली की जाहिरात दुप्पट लांबते आणि आवाज खर्जात जातो.

मात्र नुसत्या घड्याळावर भिस्त ठेवू नका. कित्येक जाहिराती शेवटी मुद्दाम मोकळ्या सोडलेल्या असतात. निवेदक मध्येच थांबतो, नुसतं संगीत चालतं किंवा शांतता पसरते. रेकॉर्ड खराब नाही! त्या जागी स्थानिक निवेदक थिएटरचं नाव आणि तारीख वाचायचा. डिजिटल प्रत करताना हा भाग ‘रिकामा’ म्हणून छाटणाऱ्यांचा मला राग येतो. जाहिरात वापरात कशी होती, हे नेमकं तिथेच कळतं.

खरखर काढणं हा दुसरा छंद. गॉडझिलाची डरकाळी संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी राळ लावलेला चामडी हातमोजा कॉन्ट्राबास या मोठ्या, खर्जातल्या तंतुवाद्याच्या तारांवर घासून काढली. म्हणजे मुळातच ती घासण्याचा आवाज. सॉफ्टवेअरचा फिल्टर जोरात लावला की खरखरीबरोबर डरकाळीचेही दात पडतात. म्हणून आधी २४ बिटची (बारकाईने टिपलेली डिजिटल) कच्ची, फिल्टर न लावलेली प्रत जपून ठेवा. तबकडी मोनो (एकाच चॅनेलची) असेल तर प्रतीतले डावे-उजवे दोन्ही चॅनेल एकत्र करा, तेवढ्यानेच बरीच खरखर कमी होते. निवेदकाच्या आवाजातला प्रतिध्वनी बऱ्याचदा मुद्दाम घातलेला असतो, तो पुसू नका. आणि हे सगळं एएम रेडिओसाठी होतं, जिथे वरचे सूर फारसे पोचतच नाहीत, तेव्हा वरचे सूर वाढवून चकचकीतपणा येणार नाही.

नोंदीतही लोक फसतात. गॉडझिला जपानमध्ये १९५४ ला लागला, पण अमेरिकेत गाजला तो १९५६ चा, अमेरिकी अभिनेते रेमंड बर यांचे प्रसंग घालून नव्याने जुळवलेला. इंग्रजी जाहिरात त्याच अवताराची. १९५५ चा दुसरा भाग तिकडे १९५९ मध्ये ‘जायगँटिस, द फायर मॉन्स्टर’ म्हणून आला. गॉडझिलाच्या नावाने शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. १९६४ च्या ‘गॉडझिला व्हर्सेस द थिंग’ मधली ‘थिंग’ म्हणजे मोथ्रा हा राक्षसी पतंग, १९५१ च्या सिनेमातला परग्रहवासी नव्हे. काँगचा सिनेमा १९३३ चा खरा, पण तो पुन्हा पुन्हा प्रदर्शित झाला आणि १९५२ च्या खेपेला आरकेओ या सिनेकंपनीने रेडिओ-टीव्हीवर जोरदार प्रचार केला. बारीक खाचांची विनाइल एलपी बाजारात आली १९४८ मध्ये. तसल्या तबकडीवर कुणी ‘१९३३ ची मूळ जाहिरात’ म्हणून किंमत सांगत असेल, तर पाकीट खिशात ठेवा.

प्रत्येक भारदस्त आवाज अमेरिकी आवाज-कलाकार पॉल फ्रीस यांच्या नावावर टाकायचीही खोड आहे. त्यांनी ‘रोडान’च्या इंग्रजी डबिंगमध्ये आवाज दिलाय हे खरं, पण लेबलवर किंवा कागदपत्रांत नाव नसेल तर ‘निवेदक अज्ञात’ एवढंच लिहा.

सोळा इंची तबकडी मिळाली तर ती घरच्या टर्नटेबलवर बसवायचा हट्ट नको, शिवाय त्यातल्या कित्येक आतून बाहेर वाजतात, म्हणजे सुई मधल्या लेबलाजवळून सुरू होऊन कडेकडे जाते. लाखेच्या तबकडीला अल्कोहोल लावू नका. आणि टेप चिकटून किंचाळायला लागली की तिथल्या तिथे यंत्र बंद करा.