पावसाळ्यानंतर घरचा श्रेडर बाहेर काढताना

घटस्थापनेच्या सुमारास पाऊस उघडतो आणि चार महिने मोकाट वाढलेली परसबाग डोळ्यांत खुपायला लागते. डुरांटाचं कुंपण रस्त्यावर आलेलं असतं, जास्वंद गच्चीला टेकलेली असते, बांधावरच्या गिरिपुष्पाचं तर विचारूच नका. दिवाळीच्या आत छाटणी उरकते आणि कोपऱ्यात फांद्यांचा ढीग लागतो. तो पेटवून मोकळं व्हायची सवय अजून गेलेली नाही. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये भरपाई ठरवली आहे, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात असते. घरी विजेवरचा छोटा श्रेडर, म्हणजे फांद्या-पाल्याचा चुरा करणारं यंत्र, असेल तर त्याचं खरं काम आत्ताच आहे. फक्त आंब्याला या दिवसांत कात्री लावू नका. पुढे मोहोर धरायच्या काड्याच कापल्या जातील.

यंत्र पावसाळाभर पडवीत किंवा जिन्याखाली पडून असतं. लगेच पिन बोर्डात खोचू नका. मोटरच्या जाळीत उंदरांनी चिंध्या कोंबलेल्या असतात आणि कुंभारीण माशीने मातीची घरं बांधलेली असतात. हवा खेळली नाही की मोटर तापून जळते, म्हणून जाळी आधी कोरड्या ब्रशने साफ करा. वायर दोन्ही टोकांपर्यंत बोटांनी चाचपून पाहा. कुरतडलेल्या जागी चिकटपट्टी गुंडाळून काम चालवू नका, वायर बदलून घ्या. मग वरचं झाकण उघडून पाती काठीने फिरवून बघा. गंज धरला असेल तर डिझेलच्या फडक्याने पुसा, पण डिझेल प्लास्टिकला लागू देऊ नका. झाकण बसवताना त्याचा खटका किंवा नॉब पूर्ण आवळा. तो अर्धवट राहिला तर सुरक्षेचा स्विच जोडला जात नाही आणि मशीन ढिम्म हलत नाही. एवढ्यासाठी मशीन दुरुस्तीला नेणारेही बरेच असतात.

आता विजेचं. घरगुती श्रेडर बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच. २,५०० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर जवळपास ११ अँपिअर ओढतं. सहा अँपिअरच्या छोट्या सॉकेटचं ते काम नाही, सोळा अँपिअरचाच हवा. एक्स्टेन्शनची तार २.५ चौरस मिलिमीटरची घ्या आणि रीळ पूर्ण सोडूनच वापरा. गुंडाळलेल्या रिळात उष्णता कोंडते आणि आतलं प्लास्टिक वितळायला लागतं. बागेत, ओल्या जमिनीवर काम करायचं म्हणजे त्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागताच लाइन तोडणारा स्विच, हवाच.

गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज १८० वर येतं, तेव्हा मोटरची ताकद साठ टक्क्यांच्या आसपास उरते. फांदी अडकते, मोटर घुमते आणि वास सुटतो. अशा वेळी मशीन बंद ठेवा, सकाळी काम करा. मध्येच वीज गेली तर बटण बंद करून पिन काढून ठेवा. काही मशीन वीज आल्यावर आपोआप सुरू होत नाहीत, पण स्वस्तातल्यांचा भरवसा नाही.

मशीनवरच्या पट्टीवर वॅटच्या शेजारी ‘एस६ ४० टक्के’ अशा अर्थाची खूण दिसते का पाहा. दहा मिनिटांच्या फेऱ्यात चार मिनिटं भार आणि सहा मिनिटं रिकामं फिरणं, असा तिचा अर्थ. घरगुती मशीन त्या हिशेबानेच बनवलेलं असतं. भार जास्त झाल्यावर मोटर बंद करणारं ओव्हरलोडचं बटण उडालं तर लगेच दाबत बसू नका, दहा मिनिटं चहा घ्या. मोटर नुसती घुमते, फिरत नाही आणि आत काही अडकलेलंही नाही, तर बहुधा मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा कंडेन्सर गेलेला असतो. त्याला स्वतः हात घालू नका. पिन काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते, वायरमनलाच बोलवा.

कापायचं काय? अंगठ्याएवढी ओली फांदी सर्वांत उत्तम. वाळून खडखडीत झालेली बाभूळ किंवा जांभूळ पात्यांची धार घालवते, म्हणून छाटणी झाली की चार-पाच दिवसांत काम उरका. पण नुसता ओला पाला घातलात तर आत चिखल होऊन तोंड बुजतं. तो एखादा दिवस सावलीत कोमेजू द्या आणि फांद्यांच्या अधेमधे टाका, म्हणजे फांदीच आतला पाला पुढे ढकलते. फांदीचं जाड टोक आधी घाला. केळीचा खुंट, काथ्या, नारळाची झावळी यांचे धागे पात्याच्या आसाभोवती गुंडाळतात. झावळीचे हीर खराट्याला लागतात आणि देठ बंबाला, मग श्रेडरचा हट्ट कशाला? मुळांना चिकटलेली माती, कुंपणाची तार, सुतळी आत जाता कामा नये. फुलावर आलेलं गाजर गवतही नको, बी सगळ्या बागेत उडेल. शेर, कण्हेर, चाफा यांचा चीक डोळ्यांत गेला तर मोठा त्रास होतो. ही झाडं बाजूलाच काढा.

गॉगल, अंगाला घट्ट बसणारे हातमोजे आणि कानात बोळे घालूनच उभे राहा. पदर, ओढणी खोचलेली हवी, गळ्यातला गमछा काढून ठेवा. बटण बंद केल्यावरही पात्यांची चकती काही सेकंद फिरत राहते.

चकतीच्या मशीनची पाती बहुधा दुधारी असतात. एक धार गेली की उलटवून लावा, दोन्ही गेल्यावर पाजवून घ्या. पाजवताना दोन्ही पात्यांचं लोखंड सारखंच उतरलं पाहिजे, नाहीतर तोल जाऊन मशीन थरथरतं आणि बेअरिंग जातं. चकतीऐवजी दातेरी रोलर असलेल्या मशीनमध्ये तुकडे सालीने एकमेकांना जोडलेले, माळेसारखे बाहेर पडायला लागले, तर फांदी रोलरवर दाबून धरणारी दाबपट्टी झिजली आहे असं समजा. मशीन सुरू ठेवून बाजूचा नॉब हळूहळू फिरवा. पट्टी रोलरला जेमतेम घासून ॲल्युमिनियमचा बारीक कीस पडला की थांबा. काम झाल्यावर ब्रशने झाडा, पात्यांवर तेलाचा हात फिरवा. पाण्याच्या पाइपाने धुऊ नका.

निघालेला चुरा जमिनीत पुरला तर तो कुजताना नत्र ओढून घेतो आणि झाडं पिवळी पडतात. तो वरच पसरा, दोन-अडीच इंच जाडीने, खोडापासून वीतभर लांब. अगदी बुंध्याला टेकवला तर ओलीने साल सडते, वाळवीलाही आयती वाट मिळते. खत करायचं असेल तर शेणकाला शिंपडत थर रचा. गिरिपुष्पाचा चुरा असेल तर शेण कमी लागतं, त्याच्या पाल्यातच नत्र भरपूर असतं. तेल्या या जिवाणूजन्य रोगाच्या डाळिंबाच्या फांद्या मात्र श्रेडरमध्ये घालू नका. त्या बागेबाहेर नेऊन खोल खड्ड्यात पुरा आणि त्या कापलेली कात्रीही निर्जंतुक करून घ्या.