पिकअप ट्रकच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल कसे तपासावे आणि त्यात भर कशी घालावी

गाडीचे तेल पाहायचे ते सकाळी, गाडी थंड असताना आणि इंजिन बंद ठेवून, असे माझ्या वडिलांनी मला जीपच्या बॉनेटपाशी उभे करून शिकवले होते आणि इंजिनच्या तेलापुरते ते अगदी बरोबर आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाला हाच नियम लावला की मात्र घोटाळा होतो. अमेरिकेत आल्यावर मी पहिला पिकअप ट्रक घेतला, तेव्हा हा घोटाळा मी स्वतः करून पाहिलेला आहे. तो ट्रक, म्हणजे २००४ सालचा शेव्हरोले सिल्व्हराडो, आजही माझ्याकडे आहे. त्यात ४एल६०-ई हा चार गतींचा गिअरबॉक्स असून पुढील कृती मी त्यावर इतक्या वेळा केली आहे की, ‘काडी बुडवा, कमी असेल तर ओता’ एवढ्यावर आटोपणारा सल्ला ऐकला की आता माझा संयम सुटतो.

तेल कोणते, हे आधी ठरवावे. सिल्व्हराडोला त्या काळी डेक्सरॉन-३ चालत असे. २००६ पासून त्याची जागा डेक्सरॉन-६ ने घेतली असून ते जुन्या गिअरबॉक्सलाही चालते. फोर्डला मर्कॉन लागते, पण मर्कॉन-५ आणि मर्कॉन-एलव्ही ही दोन निराळी तेले आहेत आणि एकाच्या जागी दुसरे घालू नये. डॉज ट्रकसाठी एटीएफ+४ वापरावे. ‘सर्व गाड्यांना चालणारे’ असे छापलेली बाटली स्वस्त पडते, परंतु क्लचच्या चकत्यांची पकड तेलातल्या रसायनांवर अवलंबून असते आणि ती बिघडली की गिअर पडताना ट्रक थरथरू लागतो. त्यामुळे ती बाटली मी घेत नाही. गळती थांबवण्याचा दावा करणाऱ्या औषधांबद्दलही माझे मत तेच आहे.

याशिवाय लांब आणि निमुळत्या तोंडाचे नरसाळे व धागे न सुटणारे पांढरे कापड जवळ ठेवावे. नरसाळे याच कामासाठी वेगळे असावे. ज्याने रेडिएटरमध्ये कूलंट ओतले असेल, ते पुसून घेतले तरी वापरू नये, कारण कूलंटमधील ग्लायकॉल क्लचच्या चकत्यांवरील अस्तराचा चिकटा सोडवते. कापडाचा धागाही आत गेला तर व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे तेलाला वाट देणाऱ्या भागाच्या, बारीक वाटांत अडकतो.

आता तेल तापवणे. तेल मोजण्याच्या पट्टीवरील (डिपस्टिकवरील) ‘हॉट’चा आडव्या-उभ्या रेघांचा भाग ८२ ते ९३ अंश सेल्सिअस तापमानासाठी आखलेला असतो. अमेरिकी मापात हे तापमान १८० ते २०० अंश फॅरनहाइट होते. बाहेर दहा अंशांपेक्षा अधिक तापमान असेल तर सुमारे २४ किलोमीटर, म्हणजे १५ मैल, साधेपणाने ट्रक चालवून आणला की तेल तिथवर पोहोचते. कडाक्याच्या थंडीत अधिक चालवावा लागतो. घरासमोर उभ्या ट्रकचे इंजिन दहा मिनिटे सुरू ठेवणे म्हणजे तेल तापवणे नव्हे. तेवढ्या वेळात कूलंटचा काटा वर सरकतो, पण गिअरबॉक्सवर कोणताही भार नसल्याने त्याचे तेल जवळजवळ थंडच राहते. याच्या उलट, ट्रेलर ओढून, वाहतुकीत अडकून किंवा ३२ अंशांपेक्षा अधिक उन्हात दीर्घकाळ वेगाने चालवून ट्रक आणला असेल, तर अर्धा तास थांबावे, कारण अतितप्त तेल फुगून पातळी खोटी उंच दाखवते.

ट्रक सपाट जागी उभा करून हॅंडब्रेक ओढावा. पाय ब्रेकवर ठेवून गिअरचा दांडा प्रत्येक स्थानावर तीन-तीन सेकंद थांबवत फिरवावा, परत ‘पार्क’मध्ये आणावा आणि इंजिन किमान तीन मिनिटे तसेच चालू द्यावे.

इंजिन बंद करायचे नाही. यामागचे कारण एकदा समजले की नियम पाठ करावा लागत नाही. इंजिन सुरू असताना गिअरबॉक्समधला पंप तळाच्या पॅनमधून तेल उपसून टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद गिअरबॉक्सला पोहोचवणारा भाग), क्लच आणि रेडिएटरमधील कूलर यांत खेळवत असतो. इंजिन थांबले की त्यातले पुष्कळसे तेल पॅनमध्ये उतरते आणि पट्टीवर पातळी वर चढलेली दिसते. ती पाहून ‘तेल भरपूर आहे’ असे समजून निघालेला माणूस प्रत्यक्षात कमी तेलावर ट्रक चालवत असतो. या नियमालाही अपवाद आहेत. अनेक जुन्या डॉज ट्रकांत ‘पार्क’मध्ये टॉर्क कन्व्हर्टरला तेल मिळत नाही, म्हणून त्यांची तपासणी ‘न्यूट्रल’मध्ये करतात; पहिल्या पिढीच्या होंडा रिजलाइनमध्ये तर इंजिन बंद करून मिनिट-दीड मिनिटात पट्टी पाहायची असते. त्यामुळे शेजाऱ्याच्या ट्रकची रीत आपल्या ट्रकला लावण्याआधी गाडीबरोबर आलेली पुस्तिका उघडावी.

इथपर्यंतचे काम कोणालाही जमते. खरी अडचण पट्टी वाचण्यात आहे आणि तिथेच मी आपटलो होतो.

ओहायोमधला तो माझा पहिला हिवाळा होता. बाहेर उणे दहा अंश असताना मी वर सांगितलेली चूक केली. घरासमोर दहा मिनिटे इंजिन चालवले, पट्टी काढली, ‘हॉट’च्या रेघांच्या बरीच खाली ओल दिसली आणि एक आख्खी बाटली, म्हणजे ९४६ मिलिलिटर, ओतून मोकळा झालो. दोन दिवसांनी पुन्हा तशाच थंडीत पाहिले, पातळी अजून रेघांच्या खालीच, म्हणून दुसरी बाटली. थंड तेल आकसलेले असते, त्यामुळे ते ‘हॉट’च्या खाली दिसणे हेच निरोगी लक्षण होते, हे मला ठाऊक नव्हते. त्याच आठवड्यात सामानाचा ट्रेलर जोडून निघालो. तासाभराने आरशात निळसर धूर दिसला आणि जळक्या तेलाचा वास केबिनमध्ये शिरला. रस्त्याच्या कडेला उतरून वाकलो, तेव्हा गिअरबॉक्सच्या श्वासनळीतून बाहेर फेकलेले लाल तेल तापलेल्या एक्झॉस्टच्या नळीवर थेंबाथेंबाने पडून चरचरत होते. आग लागली नाही, हे नशीब. पातळी जास्त झाली की फिरते भाग तेलात बुडतात आणि रवीने ताक घुसळावे तसे ते घुसळून निघते. त्याचा फेस होतो, पंप तो फेस ओढतो, तेलाचा दाब कमी होतो आणि क्लच घसरू लागतात. म्हणजे तेल कमी असल्यावर जे नुकसान होते तेच जास्त झाल्यावरही होते, आणि वर आगीची भीती.

तेव्हापासून मी पट्टी पुढीलप्रमाणे वाचतो आणि यात एकही पायरी गाळत नाही.

सिल्व्हराडोची ही पट्टी बॉनेटखाली प्रवाशाच्या बाजूला, अगदी मागे, केबिनच्या भिंतीलगत असते. तिच्या डोक्यावर उचलायची मूठ असून ती वर केल्याशिवाय पट्टी सुटत नाही. काढण्यापूर्वी नळीच्या तोंडाभोवतीची धूळ पुसून घ्यावी. पहिल्यांदा काढलेल्या पट्टीवर जे दिसते ते वाचूच नये, कारण नळीच्या आतल्या अंगाला चिकटलेले तेल वर येताना तिच्यावर फासले जाते. पट्टी पुसावी, पूर्ण आत बसेपर्यंत घालावी, तीन सेकंद थांबावे आणि सरळ, कडांना न घासता बाहेर काढावी. नंतर तिच्या दोन्ही बाजू पाहाव्यात. दोहोंवरच्या पातळ्या बहुधा जुळत नाहीत. त्यातली खालची तेवढी खरी मानावी. वरची बाजू नळीला घासून ओली झालेली असते आणि घाईत असलेल्या माणसाचा डोळा नेमका तिच्यावरच जातो.

ताजे तेल पारदर्शक तांबडे असते आणि चकचकीत पोलादावर ते दिसता दिसत नाही. त्यासाठी पट्टी आडवी धरून मागे पांढरे कापड ठेवावे आणि ती उजेडाकडे किंचित फिरवावी. पट्टीच्या पूर्ण रुंदीभर जिथपर्यंत अखंड ओल आहे, तिथपर्यंतच पातळी समजावी. त्याच्या वर गेलेले एकेरी ओघळ आणि सुटे ठिपके मोजू नयेत. पट्टी उभी, टोक वर करून धरली तर तेल मुठीकडे ओघळते आणि पातळी चढल्याचा भास होतो. मेकॅनिक म्हणवणाऱ्यांनाही मी असे करताना पाहिले आहे. पुसणे, बुडवणे, पाहणे असे तीनदा करावे आणि निदान दोन वेळा तरी पातळी एकाच जागी आली नाही, तर त्या दिवशी तेल ओतण्याचा विचारच सोडून द्यावा. ‘कोल्ड’ची खूण केवळ अंदाजासाठी असते. ट्रक पहिल्यांदा सुरू करताना तेलाचा थांग लावण्यापुरता तिचा उपयोग होतो. अंतिम निर्णय नेहमी ‘हॉट’च्या रेघांवरच घ्यावा. पातळी त्या रेघांच्या आत कुठेही असली तरी पुरे, ती वरच्या कडेला नेऊन भिडवण्याचा अट्टहास करू नये.

पट्टी हातात आहे तोवर तेलाकडेही पाहून घ्यावे. रंग गडद झाला म्हणजे तेल संपलेच असे नाही. वापराने ते तपकिरी होतेच. वास मात्र फसवत नाही. करपलेला वास आणि बोटांत चोळल्यावर लागणारी कचकच म्हणजे क्लच झिजले आहेत, आणि भर घालून ते सुधारणार नाहीत. तेल स्ट्रॉबेरीच्या दुधासारखे गुलाबी दिसले, तर रेडिएटरमधल्या कूलरमधून पाणी आत शिरले आहे. अशा वेळी ट्रक तिथेच थांबवावा आणि टो करून न्यावा.

पातळी खरोखर कमी निघाली तर भर पट्टीच्याच नळीतून घालायची असते, वेगळे तोंड शोधत बसू नये. इंजिन सुरू ठेवून नरसाळे लावावे आणि १०० ते १५० मिलिलिटरपेक्षा अधिक तेल एका वेळी ओतू नये. एकूण भर सहसा अर्ध्या लिटरच्या आतच लागते. बाटलीच्या कडेला असलेल्या खुणांकडे नजर ठेवावी, अंदाजाने धार धरू नये. ओतल्यावर लगेच पट्टी बुडवली तर ओल्या नळीमुळे ती टोकापासून मुठीपर्यंत तांबडी होऊन येते आणि काहीच कळत नाही. मी गिअरचा दांडा पुन्हा सगळ्या स्थानांवर फिरवतो आणि दहा मिनिटे थांबतो. हे काम कंटाळवाणे आहे हे मान्य, पण त्या दहा मिनिटांत दुसरे काही करण्याजोगे नसते आणि इंजिन चालू ट्रक सोडून घरात चहाला जाऊही नये. कमी पडलेले तेल उद्या घालता येते. जास्त झालेले काढण्यासाठी इंजिन बंद करून पट्टीच्या नळीतून बारीक पारदर्शक नळी आत सरकवावी लागते आणि हातपंपाने ते एका खुणा असलेल्या बाटलीत ओढून घ्यावे लागते. मी त्या हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला ट्रेलर सोडून, टो करून घरी आल्यावर ते केले, आणि बोटे बधिर होईपर्यंत पंप मारत बसलो होतो. काढलेले तेल वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानात, जिथे जुने तेल परत घेतात तिथे, नेऊन द्यावे.

ज्यांच्या ट्रकला अशी पट्टीच नाही, त्यांनी हे काम घरी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. २००५ नंतरच्या अनेक टोयोटा टॅकोमांमध्ये इंजिन चालू ठेवून, ठरावीक तापमानाला, पॅनच्या बुचातून तेल ओघळते की नाही यावरून पातळी ठरते, आणि त्यासाठी ट्रक चारही चाकांनी समपातळीत उचललेला असावा लागतो. फोर्डच्या सहा गतींच्या एफ-१५० मध्ये छोटी पट्टी खाली गिअरबॉक्सच्या बुचातच दडवलेली असते, आणि ती तापलेल्या एक्झॉस्टच्या शेजारी असल्याने हात भाजल्याशिवाय सहसा निघत नाही.

राहिला प्रश्न तेल गेले कुठे याचा. इंजिन थोडे तेल जाळते, गिअरबॉक्स जाळत नाही. कमी झाले असेल तर ते कुठून तरी गळालेलेच आहे. रात्रभर ट्रकखाली पुठ्ठा पसरून ठेवावा. पॅनच्या कडेखाली डाग पडला तर गॅस्केट बदलावे, रेडिएटरच्या बाजूला पडला तर कूलरच्या नळ्यांचे सांधे पाहावेत, आणि मागे, प्रॉपेलर शाफ्ट शिरतो तिथे पडला तर तिथले सील बदलून घ्यावे. यातले काम फार मोठे नसते. पॅन काढायचीच झाली तर सुमारे पावणेपाच लिटर तेल बाहेर येईल, तेव्हा तेवढे नवे तेल आधीच आणून ठेवावे. डाग इंजिन आणि गिअरबॉक्स जोडले जातात त्या जागेखाली पडला असेल तर बहुधा पुढच्या पंपाचे सील गेलेले असते. त्यासाठी पूर्ण गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, आणि तोवर पातळी दर आठवड्याला, वरच्याच रीतीने, तेल तापवून पाहत राहावी.