कॉलेजात लैंगिक छळाविरुद्ध काम करणाऱ्या ग्रुपमध्ये नवीन आलाय? मग हे आधी वाचा

पुण्यातल्या एका कॉलेजात एफवाय ते टीवाय तीन वर्षं मी या कामात होते. एनएसएसमधल्याच आम्ही सात-आठ जणांनी ग्रुप सुरू केला होता, आणि आता जे नवीन येतील त्यांना आमच्याच चुका परत करायला लागू नयेत म्हणून लिहून ठेवतेय.

पहिल्या वर्षी आम्ही काय केलं तर पथनाट्य, सगळेच करतात ते. डफ, काळे कुर्ते, मधोमध एक मुलगी खाली पडलेली आणि चार पोरं तिच्याभोवती फिरतायत असा सीन. दुसऱ्या तालमीला आमच्यातलीच एकजण उठली, पाण्याची बाटली भरून आणते म्हणाली आणि परत आलीच नाही. तिची सॅक दोन दिवस एनएसएसच्या खोलीत तशीच पडून होती. कारण तिने कधी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही, पण तो सीन त्याच दिवशी काढला. कळकळीने सांगते, अत्याचार करून दाखवू नका, समोर बसलेल्यांपैकी कुणावर काय गुदरलंय ते आपल्याला माहीत नसतं. मग आम्ही त्याच्या नंतरचं बसवलं, म्हणजे मुलगी रूमवर येऊन मैत्रिणीला सांगते आणि मैत्रीण म्हणते, "पण तू एवढ्या रात्री गेलीसच कशाला?" त्या वाक्याला कट्ट्यावरची कुजबुज बंद पडायची.

प्रयोग संपल्यावर एका मुलीने विचारलं, मग तक्रार करायची कुठे? आणि आमच्यातल्या एकालाही सांगता येईना. खूप लाज वाटली. आयसीसीचा, म्हणजे अंतर्गत तक्रार समितीचा बोर्ड शोधला तर तो जिन्याखाली, त्यातल्या दोन मॅडम रिटायर झालेल्या. म्हणून पोस्टर-रॅलीच्या आधी नियम वाचा. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 चा कायदा आहे आणि खास कॉलेजांसाठी यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, 2015 चे नियम आहेत. समितीची अध्यक्ष वरिष्ठ महिला प्राध्यापकच असते, निम्म्या तरी बायका हव्यात, बाहेरच्या संस्थेतली एक व्यक्ती हवी, विभागप्रमुख वगैरे मोठ्या पदावरची माणसं त्यात नकोत. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तीन विद्यार्थीही लागतात, तेही निवडून आलेले. मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांवरही असं होतं हे त्या नियमांत लिहिलंय, त्यामुळे ग्रुपमध्ये मुलगे हवेतच.

आणि मुदत पाठ करा. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार, योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, चौकशी 90 दिवसांत. मुली बोलायलाच दोन-दोन महिने घेतात हो, घरी कळलं तर शिक्षण बंद होईल ही भीती असते, त्यात मुदत निघून जाते. चौकशी चालू असताना ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्या सरांनी माझे पेपर तपासू नयेत, मला दुसऱ्या डिव्हिजनला बदलून द्या, असंही मागता येतं, हे बहुतेकींना माहीतच नसतं.

कॉलेजकडे काहीही मागायचं तर लेखी मागा आणि झेरॉक्सवर इनवर्डचा शिक्का घ्या. आमचा बोर्ड तिसऱ्या अर्जानंतर बदलला.

कुणी येऊन सांगायला लागलं तर नुसतं ऐका. तारखा, पुरावे विचारत बसू नका, चौकशी हे आपलं काम नाही. तिला पोलिसांत जायचंय का समितीकडे, का सध्या कुठेच नाही, ते तिला ठरवू दे, फक्त रस्ते सगळे सांगा. एक अपवाद आहे. आपल्याकडे अकरावी-बारावी त्याच कॅम्पसमध्ये असते, आणि 18 च्या आतल्या मुला-मुलींवरचा लैंगिक गुन्हा कळला तर पोक्सो कायद्याखाली तो पोलिसांना कळवावाच लागतो. म्हणून "कुणालाच सांगणार नाही" असा शब्द आधी देऊन मोकळं होऊ नका, तिला हे सरळ सांगा, आणि ती एकटी पडणार नाही एवढं बघा.

दुसऱ्या वर्षी आमच्यातल्या एकाने रागाच्या भरात एका मुलाचं नाव स्टोरीला टाकलं. मुलगी कोण ते दुपारपर्यंत अख्ख्या कॅन्टीनला कळलं होतं. तिने तक्रार मागे घेतली आणि परीक्षेपुरतीच कॉलेजला यायला लागली. तिचं नाव आम्ही कुठेच घेतलं नव्हतं तरी हे झालं, आणि ते मला अजून बोचतं. त्या दिवसापासून ग्रुपवर एकाही केसबद्दल एक अक्षर टाईप करायचं नाही, स्क्रीनशॉट नाही, हा नियम केला.

सगळ्यात उपयोगी पडलं ते अगदी साधं काम. मुलींच्या टॉयलेटमध्ये दाराच्या आतल्या बाजूला स्टिकर लावले, समितीतल्यांची नावं, बसायची खोली, आणि 112 (तातडीची मदत), 181 (महिला हेल्पलाइन), 1098 (चाइल्डलाइन) हे नंबर. तिथे कुणी बघत नाही, निवांत फोटो काढून घेता येतो. ओलीने महिन्याभरात निघतात ते, म्हणून दर पहिल्या सोमवारी बदलायचे. नवीन गठ्ठा एनएसएसच्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवलाय, लावायच्या आधी नावं तेवढी तपासून घ्या.