दुबईतल्या शाळेत शिकवायचंय? आधी कपाटातली फाईल काढा

परदेशी शाळेचं मनात आलं की पुष्कळ शिक्षक पहिल्यांदा इंग्रजी संभाषणाचा क्लास लावतात. लावा, पण त्याआधी कागद बघा, कारण वेळ तेच खातात.

बी.एड.चं पदवी प्रमाणपत्र हातात आहे का? गुणपत्रिका नव्हे, पदवीदानानंतर मिळतं ते. कित्येकांचं अजून विद्यापीठातच पडून असतं. मग नाव तपासा. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, वडिलांचं आणि कधी आईचंही नाव. पासपोर्टवर क्रम निराळा. त्यात लग्नानंतर नाव बदललं असेल तर कागदोपत्री दोन वेगळ्या बायका दिसतात. विवाह नोंदणीचा दाखला आणि नाव बदलल्याचं राजपत्र अर्जाआधीच फायलीत असू द्या.

अटेस्टेशनला, म्हणजे प्रमाणपत्र खरं असल्याचे सरकारी शिक्के घ्यायला, सगळ्यात जास्त दिवस धरा. दुबई ज्या देशात आहे तो संयुक्त अरब अमिराती हेगच्या अपोस्टिल करारात (एकाच सरकारी शिक्क्यावर परदेशी कागद मान्य करण्याच्या करारात) नाही, त्यामुळे ओमानला चालणारा अपोस्टिल तिथे कामाचा नाही. राज्य शासन, मग आपलं परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीचा दूतावास आणि शेवटी तिथलं परराष्ट्र मंत्रालय, या क्रमाने शिक्के घ्यावे लागतात. ते बहुधा प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूला बसतात. हौसेने लॅमिनेशन केलं असेल तर तिथेच घोडं अडतं.

अनुभवाचा दाखला प्रत्येक शाळेकडून लेटरहेडवर घ्या. विषय, इयत्ता, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, जावक क्रमांक, सही, शिक्का. ओळखीचे मुख्याध्यापक निवृत्त व्हायच्या आत घेतलेला बरा. मध्ये घरी बसलेली वर्षं लपवू नका, मुलाखतीत त्याबद्दल विचारतातच. पासपोर्ट कार्यालयाचं पोलीस क्लिअरन्स (गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला) मात्र नोकरी नक्की होत आल्यावरच काढा, जुनं झालं तर पुन्हा काढावं लागतं.

आयबीच्या (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या) महागड्या कार्यशाळा स्वखर्चाने करायची घाई मला पटत नाही. त्यापेक्षा मुलाखतीतल्या डेमो पाठावर मेहनत घ्या. आपण ‘समजलं का?’ विचारतो आणि वर्ग एका सुरात ‘होऽऽ’ म्हणतो. समोरचं पॅनल विचारणार, कुणाला नाही समजलं ते तुम्हाला कसं कळलं? अपूर्णांक शिकवत असाल तर शेवटच्या पाच मिनिटांत प्रत्येकाकडून चिठ्ठीवर एक उदाहरण सोडवून घ्या, म्हणजे दाखवायला काहीतरी असेल.

बालसुरक्षेचा प्रश्नही ठरलेला असतो. मूल म्हणालं, ‘मॅडम, सांगते, पण कुणाला सांगू नका,’ तर काय कराल? ‘पालकांना बोलावीन’ हे आपलं सवयीचं उत्तर तिथे चुकीचं, कारण त्रास घरातूनच होत असू शकतो. गुपित ठेवायचं वचन द्यायचं नाही, खोदून विचारायचं नाही, मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहायचे आणि त्याच दिवशी शाळेच्या बालसुरक्षा अधिकाऱ्याकडे द्यायचे.

तिथल्या ब्रिटिश आणि आयबी शाळा ऑगस्टअखेर सुरू होतात, तेव्हा दिवाळीनंतर अर्ज करायला लागा. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचं वर्ष एप्रिलचं, त्यांची भरती वेगळी.

करारात मूळ पगार किती ते आधी वाचा. ग्रॅच्युइटी त्यावरच मोजतात, पहिल्या पाच वर्षांत दर वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार. भत्ते फुगवून मूळ आकडा बारीक ठेवला असेल तर सही करण्याआधीच बोला. आणि एजंट व्हिसाचे किंवा भरतीचे पैसे मागत असेल तर देऊ नका. अमिरातीच्या २०२१च्या कामगार कायद्याने तो खर्च मालकावर टाकलेला आहे.