अमेरिकेत सर्जनशील लेखनाचे पदव्युत्तर शिक्षण : अर्जाची तयारी

अर्जाला हात घालण्याआधी आपल्याला कोणती पदवी हवी आहे, हे ठरवावे. साहित्याचा अभ्यास आणि संशोधन करायचे असल्यास एम.ए. किंवा पीएच.डी.चा मार्ग धरावा. स्वतःचे लेखन करायचे असल्यास एम.एफ.ए. (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) ही पदवी आहे. हा अभ्यासक्रम बहुधा दोन ते तीन वर्षांचा असून त्याच्या शेवटी प्रबंध म्हणून कथासंग्रहाचे, कादंबरीचे किंवा कवितासंग्रहाचे हस्तलिखित सादर करावे लागते. अमेरिकेत ती या विषयातील अंतिम, म्हणजे सर्वोच्च, पदवी मानली जाते, परंतु भारतात परतून साहित्याचे साहाय्यक प्राध्यापक होण्याचा विचार असेल, तर नेट, सेट किंवा पीएच.डी.चा प्रश्न उरतोच.

या शिक्षणाचे सर्वांत नावाजलेले केंद्र म्हणजे 1936 साली आयोवा विद्यापीठात सुरू झालेली लेखन-कार्यशाळा. तिथली पद्धत पुढे बहुतेक विद्यापीठांनी उचलली. विद्यार्थी आपले लेखन आधी सर्वांना वाचायला देतो, वर्गात त्यावर चर्चा होते आणि परंपरेने त्या वेळी लेखकाने गप्प बसून ऐकायचे असते. ज्यांना आपल्या कथेचा खुलासा केल्याशिवाय राहवत नाही, त्यांनी याचा आधीच विचार करावा.

प्रवेशाचा निर्णय मुख्यतः लेखनाच्या नमुन्यावर होतो. कथाकारांकडून साधारण 20 ते 30 पाने आणि कवींकडून दहाएक कविता मागितल्या जातात. नेमकी मर्यादा प्रत्येक विद्यापीठाच्या सूचनांत पाहावी आणि ती ओलांडू नये. निवड समितीपुढे शेकडो अर्ज असतात, त्यामुळे सर्वांत सकस कथा पहिली ठेवावी. पंधराव्या पानावर रंगणारी कथा तिथपर्यंत वाचली जाईलच, याची खात्री नसते. मराठीत लिहिणाऱ्यांची अडचण वेगळी आहे, कारण बहुतेक ठिकाणी नमुना इंग्रजीत लागतो. स्वतःच्या मराठी कथेचा घाईघाईने अनुवाद करून पाठवल्यास तिचा सूर हमखास हरवतो. त्यापेक्षा इंग्रजीत नव्याने लिहावे आणि त्यासाठी निदान वर्षभर हाताशी ठेवावे. अनुवादाचीच ओढ असणाऱ्यांनी आयोवा विद्यापीठाचा साहित्यानुवादाचा स्वतंत्र एम.एफ.ए. अभ्यासक्रम पाहावा, कारण तिथे मराठीवरची पकड हीच जमेची बाजू ठरते. तुकारामांचे अभंग इंग्रजीत नेणारे दिलीप चित्रे सत्तरच्या दशकात याच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात होते, मात्र तो लेखकांसाठीचा निवासी कार्यक्रम असून पदवी देत नाही.

पैशाच्या बाबतीत माझे मत ठाम आहे : या पदवीसाठी कर्ज काढू नये. नोकरीची हमी नसलेल्या शिक्षणाचे हप्ते फेडण्यात लिहिण्याचीच वर्षे जातात. ज्या विद्यापीठांत शिक्षण शुल्क माफ होऊन निर्वाहभत्ताही मिळतो, तिथेच अर्ज करावेत. या भत्त्याच्या मोबदल्यात बहुधा पदवीपूर्व वर्गांतल्या विद्यार्थ्यांना निबंधलेखन शिकवण्याचे काम करावे लागते. अशा जागा फार थोड्या असतात. कॉर्नेल विद्यापीठासारख्या ठिकाणी कथा आणि कविता मिळून वर्षाला जेमतेम आठ विद्यार्थी घेतले जातात. प्रत्येक अर्जाला वेगळे शुल्क पडते, तेव्हा शुल्कमाफीची सोय आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

अर्जांची मुदत साधारणपणे डिसेंबर-जानेवारीत संपते. ट्रान्सक्रिप्ट (सर्व वर्षांच्या गुणांचा अधिकृत दाखला) मिळवण्यासाठी आपल्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागात खेटे घालावे लागू शकतात, म्हणून ते काम पावसाळ्यातच उरकावे. तीन वर्षांची पदवी चालते का, जीआरई ही प्रवेशपरीक्षा लागते का आणि टोफेल किंवा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांचे किमान गुण किती, हे प्रत्येक ठिकाणी तपासावे. शिफारसपत्रे बहुधा तीन लागतात व शिक्षकांनी ती स्वतः ऑनलाइन भरायची असतात. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ म्हणणाऱ्या विभागप्रमुखांपेक्षा ज्यांनी आपले लेखन खरोखर वाचले आहे, असे कनिष्ठ प्राध्यापक बरे.

निकाल फेब्रुवारीपासून येऊ लागतात. आर्थिक साहाय्यासह आलेला प्रस्ताव स्वीकारण्यासाठी बहुसंख्य विद्यापीठांनी 15 एप्रिल ही समान तारीख मान्य केलेली आहे, त्यामुळे त्याआधी उत्तर देण्याची घाई करू नये. प्रतीक्षायादीतील नावेही बहुधा याच सुमारास पुढे सरकतात.