कापडी डायपर आणि रात्रीचे पुरळ: माझा अनुभव
माझी मुलगी दीड वर्षांची असताना रोज सकाळी तिच्या जांघेत लालसर चट्टे दिसू लागले आणि डायपर उघडताच डोळ्यांना झोंबणारा उग्र दर्प येऊ लागला. दिवसभर त्वचा स्वच्छ असे. म्हणजे दोष रात्रीच्या दहा तासांत होता. लघवीतील युरियापासून जिवाणूंमुळे अमोनिया तयार होतो आणि कापड नीट धुतले गेले नसेल तर तो त्रास वाढतो, हे कळल्यावर मी प्रथम धुण्याकडे लक्ष दिले. रात्रीचा डायपर सकाळी लगेच साध्या पाण्यातून काढायचा, मग गरम पाण्यात पुरेशा डिटर्जंटने धुवायचा आणि फेस येईनासा होईपर्यंत खळबळायचा, हे नियमाने केले. कपडे मऊ करणारे द्रव्य बंद केले, कारण त्याचा थर बसून कापड पाणी शोषेनासे होते.

झोपवण्यापूर्वी त्वचा पूर्ण कोरडी करून झिंक ऑक्साइडचे मलम लावू लागले. ते कापडात मुरू नये म्हणून मध्ये फ्लीसचा (मऊ, लोकरीसारख्या कृत्रिम कापडाचा) पातळ तुकडा ठेवला, जो अंगाला कोरडाच लागतो. पाचव्या दिवशी चट्टे फिकटले. पुढे एकदा मात्र चट्ट्यांच्या कडेने बारीक लाल पुटकुळ्या आल्या. तो बुरशीचा संसर्ग निघाला आणि त्यासाठी डॉक्टरांचेच औषध लागले.